कोंबड्याची जाळी

सातारा, 18 मे

प्रिय बापू,

शिव्या आधीच खाऊन घेतो. पोरीचं लग्न लागलं, तू पंगतीत वाढायला उभा राहिलास, आणि त्यानंतर माझा ना फोन ना ओळ. आजही फोन उचलला होता, पण तू मध्येच तोडलं असतंस आणि मग मी काहीतरी थाप मारली असती. म्हणून कागद. तब्येत बरी, बीपीची गोळी चालू, गुडघा आपल्या जागी.

तर, खालच्या बांधावरची करवंदाची जाळी गेली. कोंबड्याची. आणि ती मीच काढायला लावली.

दिनू दोन वर्षं मागे लागला होता. करवंदीत डुकरं बसतात, भुईमूग ठेवत नाहीत, बांध चार हात अडलाय, तारेचं कंपाउंड करू. मी नाही म्हणत होतो. एप्रिलात शेजारच्या रानात जेसीबी आला. दिनू म्हणाला, "अण्णा, आलाच आहे तर लगेहात होऊन जाईल." मी चहा पीत होतो. म्हटलं, कर काय ते. कपसुद्धा खाली ठेवला नाही रे मी.

वीस मिनिटं लागली. आपल्या आज्यांनी पाहिलेली जाळी, वीस मिनिटं. कच्ची करवंदं लगडली होती. बकेटनं बुंधा उचलला तसा मोडलेल्या प्रत्येक फांदीतून चीक गळायला लागला, पांढराशुभ्र. जेसीबीवरचं पोरगं म्हणालं, "काका, दूध निघतंय की!" मधल्या बेचक्यात बुलबुलाचं घरटं, वाटीएवढं, आत दोन अंडी, गुलाबीसर, तांबूस ठिपक्यांची. मी ते उचलून शेवग्यावर ठेवलं. कोण येतंय तिकडे? दुसऱ्या दिवशी जोडी सिमेंटच्या खांबावर बसून ओरडत होती. घरी सांगितलं तर ही म्हणाली, "पाटीभर वेचून आणली असतीत तर लोणचं तरी पडलं असतं." तेही खरंच. मी एक फळ उचललं नाही.

आणि डुकरं? आठव्या दिवशी तारेखालून आली. दिनू आता झटक्याची मशीन बघतोय.

तुला वाटेल, म्हातारा एका झुडपासाठी रडतोय. पण तूच सांग, त्या जाळीखाली किती बिऱ्हाडं होती! उदमांजराची बियांनी भरलेली विष्ठा बांधावरच्या दगडावर असायची, रोज त्याच दगडावर. मुंगसाचं बीळ. मागल्या श्रावणात पानं कुरतडणारी बोटाएवढी हिरवी अळी सापडली, मानेवर दोन निळे डोळे. खोटे डोळे, पाखरांना भेवडवायला. कण्हेरीवरही येते म्हणतात, तिचा मोठा हिरवा पतंग होतो. नातीला दाखवली तर ती तिला गुड मॉर्निंग म्हणाली.

आणि आपण दोघं. दप्तर उचलायची पैज. करवंद फोडायच्या आधी सांगायचं, कोंबडा का कोंबडी. आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. सातवीचं अख्खं वर्ष मी तुझं दप्तर वाहिलं, बापू. त्या जाळीला लालच निघतात हे तुला ठाऊक होतं. मी फार उशिरा ओळखलं, आणि तू आजवर कबूल केलेलं नाहीस. चेहऱ्यावर इतका साळसूदपणा, आणि ओठ चिकानं चिकटलेले.

आता मुद्द्यावर येतो. विश्रामबागेत घर बांधलंस तेव्हा तू ह्याच जाळीची फळं नेली होतीस. मी हसलो होतो. लोक बोगनवेल लावतात, तू काटे पेरतोस. सांगलीच्या काळ्या मातीत डोंगरचं झाड टिकायचं नाही. तू मुरूम घालून खड्डे भरलेस आणि मला म्हणालास, "तुला काय कळतंय." वहिनींसमोर म्हणालास, म्हणून मी दोन दिवस आधी निघून आलो होतो. ते आता सोड. मला तुझ्या कंपाउंडवरची करवंद पाहिजे.

फळं पिकली की बी लगेच धू आणि ओल्या फडक्यात गुंडाळून दे. वाळवू नकोस, वाळलं की उगवायचं कठीण. पण बीचं झाड आईवर जाईलच असं नाही, कोंबडी निघायची. म्हणून पाऊस लागला की गुट्या बांध. पेन्सिलीएवढी फांदी, बोटाच्या पेराएवढी साल गोल काढायची, ओलं शेवाळ, वर प्लास्टिक, दोन्ही टोकांना सुतळी घट्ट. दोन-तीन महिन्यांत मुळ्या दिसतील. दहा तरी बांध, सगळ्या लागत नाहीत. हातमोजे घाल, तुला साखर आहे, काटा लागलेला बरा होत नाही लवकर.

लावायच्या कुठे, हाच घोर लागून राहिला आहे. बांधावर आता तार आहे आणि दिनूशी मला भांडायचं नाही. रान त्यालाच करायचंय. विहिरीच्या वरच्या अंगाला मुरमाड पट्टी आहे, तिथे काही पिकत नाही. दिनूला विचारलं तर म्हणाला, "लावा की, पण ओळीत लावा." करवंद ओळीत! मी काही बोललो नाही. फळ यायला दोन-तीन वर्षं लागतील आणि मला आता बासष्ट. काल यवतेश्वराच्या घाटात मावशीकडून पानाच्या द्रोणातली करवंदं घेतली, वीस रुपयांना. घरी येऊन सगळी फोडली. निम्म्या कोंबड्या.

तुझं काय? प्लॅस्टर निघालं का? धाकट्याच्या नोकरीचं झालं असेल तर कळव, नसेल झालं तरी कळव. वहिनींना नमस्कार.

गुट्या एसटीतून पाठवू नकोस, उन्हात ठेवतात. स्वतः घेऊन ये. दप्तर मी उचलतो.

तुझा,
दत्ता