ढोल्यांची नोंद कोण ठेवणार?

मा. संपादक,
स. न.

पावसाळ्याआधीच्या छाटणीत आमच्या सोसायटीतला जुना पांगारा बुंध्यासकट गेला. कारण काय, तर 'आतून पोकळ'. त्याच पोकळीत, म्हणजे ढोलीत, गेली चार वर्षं थंडी सरता सरता पहाडी पोपटांची जोडी यायची. कंत्राटदाराच्या माणसाला तसं सांगितलं, तर म्हणाला, "काका, जातील की दुसरीकडे."

कुठे? नेहमीचा कंठवाला पोपट भिंतीतल्या भोकातही संसार थाटतो. हा त्याचा थोरला भाऊ: शेपटीसकट जवळजवळ दोन फूट लांब, खांद्यावर लालसर डाग, चोच अशी की सुपारी सहज फोडेल. याला सहसा जुन्या, जाड झाडाची ढोलीच लागते. जगभरातल्या पक्ष्यांच्या यादीत तो संकटाच्या उंबरठ्यावर आहे. झाडं तुटतात हे एक कारण आणि 'बोलका' म्हणून ढोलीतून पिल्लं काढून विकतात हे दुसरं. (तो पाळणं हा गुन्हा आहे, हे बाल्कनीत पिंजरा टांगणाऱ्या सुशिक्षितांनाही सांगावं लागतं.)

२०२१च्या दुरुस्तीनंतर आपल्या वृक्ष कायद्यात पन्नाशी ओलांडलेलं झाड 'वारसा वृक्ष' ठरतं आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपं लावावी लागतात. साठ वर्षांच्या झाडामागे साठ रोपं. हिशेब चोख! पण त्यातल्या एकात तरी ढोली व्हायला पुन्हा तेवढीच वर्षं थांबायचं, आणि तोवर पोपटांनी काय करायचं? शिवाय लावतात काय, तर पटकन हिरवं दिसणारं गिरीपुष्प. त्याच्या सडपातळ खोडात एवढ्या पक्ष्याचं घर कसं व्हावं? इथल्या आरे वसाहतीतली ८१२ एकर जमीन २०२० साली राखीव वन जाहीर झाली, आनंदच आहे. तिथे आणि शेजारच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला आता सावर, कळंब, ऐन, मोह लावा.

शहरातल्या वृक्षगणनेत ढोलीचा रकाना हवा. धोकादायक फांद्या जरूर उतरवा, पण बुंधा भक्कम असेल तर दहा-बारा फूट तरी उभा राहू द्या. आणि डिसेंबर ते एप्रिल, म्हणजे विणीच्या दिवसांत, ढोलीच्या झाडाला करवत लावू नका.

आमच्या फाटकाजवळच्या शिरीषावर परवाच नोटीस चिकटली आहे. त्यालाही दोन ढोल्या आहेत.

— एक वाचक, गोरेगाव (पूर्व), मुंबई