भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांना गणित घेऊ द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

सध्या पदवीच्या पहिल्या वर्षाचे प्रवेश चालू आहेत. माझी भाची बारावी सायन्स चांगल्या मार्कांनी पास झाली. तिला मेजर (मुख्य विषय) भूशास्त्र आणि मायनर (जोडविषय) गणित घ्यायचे आहे. दोन्ही विषय त्या कॉलेजात आहेत, दोन्हींना शिक्षकही आहेत. पण फॉर्म भरायला गेल्यावर तिला सांगितले गेले की हे दोन विषय एकत्र मिळणार नाहीत. ज्या दोन दुपारी भूशास्त्राची प्रॅक्टिकल्स होतात, त्याच दुपारी गणिताची लेक्चर्स असतात. जोडीला भूगोल घ्या, नाहीतर रसायनशास्त्र घ्या. शिवाय प्रवेशाच्या खिडकीतल्या माणसाने विचारले, "दगडांच्या विषयाला गणित कशाला?" भाचीने हे मला फोनवर सांगितले आणि त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. कारण पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी मीही स्वतःला हेच सांगून गणित सोडले होते.

माझी सगळी नोकरी भूजलाच्या कामात गेली. पहिल्याच उन्हाळ्यात आम्ही एका गावात बोअरची उपसा-चाचणी घेत होतो. एका बोअरवर पंप चालू, शेजारच्या बोअरमध्ये टेप सोडलेली, एकाच्या हातात घड्याळ आणि माझ्या हातात नोंदवही. सुरुवातीला मिनिटामिनिटाला पातळी लिहायची, मग पाच-पाच मिनिटांनी, मग अर्ध्या तासाने. संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात ते आकडे सेमी-लॉग कागदावर मांडले. या कागदावर १ ते १० मिनिटांना जेवढी जागा, तेवढीच १० ते १०० मिनिटांना. पहिले काही ठिपके वाकडे गेले आणि मग सगळे एका सरळ रेषेत येऊन बसले. शेतकरी शेजारी उकिडवा बसला होता. त्याने विचारले, "साहेब, मोटर किती तास चालंल?" वरिष्ठांनी रेषेचा चढ मोजून त्याला उत्तर दिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "रेषा सरळच का आली, सांग बरं." मला सांगता आले नाही. काळा पाषाण कुठे, मांजऱ्या खडक कुठे, मुरूम किती खोल, हे सगळे मला ठाऊक होते. पण पातळी दहाव्या ते शंभराव्या मिनिटापर्यंत जेवढी खाली जाते, पुढे तेवढीच जायला दहापट वेळ लागतो आणि म्हणून लॉगरिदमच्या कागदावर ती रेषा होते, एवढी साधी गोष्ट समजायला मला पुढे दोन वर्षे रात्री पुस्तके घेऊन बसावे लागले.

त्या चाचणीमागचे समीकरण १९३५ साली अमेरिकेतल्या थाइस या भूवैज्ञानिकाने मांडले. जमिनीतले पाणी धातूतल्या उष्णतेसारखे वाहत असावे, ही कल्पना थाइस यांची. उष्णतेच्या गणितातले नेमके उत्तर मात्र त्यांना लुबिन नावाच्या गणितज्ञ मित्राने काढून दिले. आज जगभर विहिरींची चाचणी त्याच पायावर होते. खडक ओळखणारा आणि समीकरण सोडवणारा असे दोघे तिथे एकमेकांशी बोलू शकले. माझी भाची ही दोन्ही कामे स्वतःच शिकू पाहते आहे आणि आपण तिला दुपारचे वेळापत्रक दाखवतो आहोत.

आपल्या राज्याला अशी मुले हवी आहेत, हे मी अगदी कळकळीने लिहितो. माळीण ३० जुलै २०१४ ला दरडीखाली गाडले गेले, तळिये २२ जुलै २०२१ ला, इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री. डोंगरउतारावरची झिजलेली माती पाणी पिऊन जड होते, कणांच्या फटींमधला पाण्याचा दाब वाढतो, मातीची पकड सुटते. ती कधी सुटेल याचा अंदाज बांधायला उताराचा कोन, घर्षण आणि पाण्याचा दाब यांचा हिशोब मांडावा लागतो. नुसते डोंगर बघून ते होत नाही. आणि डोंगर न बघता संगणकावर आकडे भरूनही होत नाही. कोयनेचेही तसेच. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाला इतकी वर्षे झाली, तरी धरणातली पातळी आणि धक्क्यांची संख्या यांचा मेळ अजून अभ्यासला जातो आहे आणि तो अभ्यास संख्याशास्त्राशिवाय पुढे सरकत नाही. ५ रिश्टर आणि ६ रिश्टर यांत एकाचा फरक दिसतो, पण ऊर्जा सुमारे बत्तीसपट असते. किल्लारीच्या जिल्ह्यात तरी हे शाळेपासून शिकवायला हवे.

गणिताची भीती मला नाकारायची नाही. बारावीला गणित सोडून जीवशास्त्र घेतलेली बरीच मुले भूशास्त्राकडे वळतात, काही तर गणित टळावे म्हणूनच. त्यांच्यावर सक्ती करा असे माझे म्हणणे नाही. पण त्रिकोणमिती शिकवताना वर्गात रस्त्याच्या कापलेल्या भिंतीचे चित्र काढा, तिथे दिसणारा थराचा उतार त्याच्या खऱ्या उतारापेक्षा (नतीपेक्षा) कमी का दिसतो ते विचारा. मुले आपणहून टॅनचे कोष्टक उघडतील. घातांक शिकवताना किरणोत्सारी पोटॅशियम-४० चा अर्धायुकाल (निम्मे अणू बदलायला लागणारा काळ), १२५ कोटी वर्षे, घ्या आणि सह्याद्रीचा बेसॉल्ट (काळा पाषाण) सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आहे हे कशावरून कळले, ते मुलांना काढू द्या. पायाखालच्या कातळाचे वय स्वतःच्या वहीत उतरले की त्या मुलाचा चेहरा बघण्यासारखा होतो. मी शिबिरांमध्ये हे डोळ्यांनी पाहिले आहे.

नव्या शैक्षणिक धोरणात मेजर-मायनरची मोकळीक दिली आहे, ती कागदावर राहू नये. विद्यापीठांनी आणि प्राचार्यांनी एवढेच करावे: भूशास्त्राच्या प्रॅक्टिकलची एक बॅच सकाळी लावावी किंवा गणित मायनरचा एक तास सकाळी आणावा. नवा शिक्षक लागत नाही, नवी खोली लागत नाही. आणि प्रवेशाच्या खिडकीवर बसणाऱ्यांना, मुलाने वेगळी जोडी मागितली तर आधी विभागप्रमुखांकडे पाठवायला सांगावे.

भाचीच्या कॉलेजात विषय बदलण्याची मुदत येत्या शनिवारपर्यंत आहे. त्याआधी सोमवारीच मी तिच्याबरोबर प्राचार्यांना भेटायला जाणार आहे. ती जुनी नोंदवही आणि तो पिवळा पडलेला सेमी-लॉग कागद सोबत नेतो आहे.

आपला,
एक निवृत्त भूवैज्ञानिक, सातारा