जवळचं गाठायचं की मोठं?

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "काही झालंच तर आधी आपल्या डॉक्टरांना दाखवू, मग ते सांगतील तिकडे जाऊ." ताप, खोकला, आईचे गुडघे, बीपीच्या गोळ्या, एवढ्यासाठी त्यांच्यासारखं दुसरं कुणी नाही. तुम्हा दोघांची प्रकृती त्यांना तोंडपाठ आहे. पण काही दुखण्यांत हा मधला थांबाच घात करतो, म्हणून सविस्तर लिहितेय.

आई, तू कलमांखालचा पातेरा गोळा करताना हात थेट आत घालतेस. तिथे फुरसं असतं गं. काठीने आधी चाळवत जा. आणि चावलंच, तर रत्नागिरीची वाट धरू नका, सरळ ग्रामीण रुग्णालय गाठा. सर्पदंशाची लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही विषांवर ती एकच लस चालते, त्यामुळे साप मारून दाखवायला न्यायची गरज नाही. दोरी आवळायची नाही, जखम कापायची नाही, हातपाय हलवायचा नाही. विष उतरवणाऱ्याकडे तर शेजारी कितीही म्हणाले तरी जाऊ नका. त्याच्याकडे माणसं बरी होतात, कारण बरेचदा चावलेला साप बिनविषारीच असतो.

बाबा, तुमच्या बीपीचं गणित मात्र उलटं आहे. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलताना जीभ अडखळली, तर तो पक्षाघात असू शकतो, तिथे जवळचा दवाखाना पुरणार नाही. मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, आणि ते तास त्रास सुरू झाल्यापासून मोजतात. म्हणून "जरा पडतो, बरं वाटेल" नको. घड्याळ बघायचं, 108 ला फोन करायचा आणि रात्रीही सीटी स्कॅन होईल तिथेच न्यायला सांगायचं. छातीत कळ आली तर पित्त समजून सोडा पिऊन रात्र काढू नका, आधी ईसीजी.

खर्चाच्या धास्तीने मागे राहू नका. सत्तरी ओलांडलेल्यांना आयुष्मान कार्डावर वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. फक्त ते रुग्णालय योजनेत आहे ना, हे आधी विचारावं लागतं. बाबा, तुमचं आधार कार्ड घेऊन शेजारच्या दादाबरोबर या आठवड्यात सेतू केंद्रात जाऊन या. रत्नागिरीतल्या रुग्णालयांत मी फोन करून चौकशी करतेय, कळलं की नंबर दादाला पाठवते.

तुमची,
मनू