कॉम्बॅटमधला के आणि फ्लेक्सवरचा आशिर्वाद

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पानावर एका निवृत्त सरांचं पत्र आलं होतं की व्हिडिओ गेमवाले नावात मुद्दाम चुकीची स्पेलिंगं घालतात, त्यानं पोरांचं इंग्रजी बिघडतंय, मॉर्टल कॉम्बॅटमध्ये सी च्या जागी के आहे, तर असल्या नावांवर बंदीच घालावी. सरांचा मान ठेवून सांगतो, मला हे पटलं नाही. माझं सोलापुरात अशोक चौकाच्या बाजूला फ्लेक्सचं दुकान आहे, त्याआधी वडील ब्रशनं बोर्ड रंगवायचे, म्हणजे चुकीच्या अक्षरांवरच आमच्या घरात दोन पिढ्या भाकरी शिजली, तेव्हा थोडं बोलायचा हक्क आहे.

आधी त्या के ची गोष्ट. हा मारामारीचा गेम १९९२ चा, अमेरिकेतल्या मिडवे कंपनीचा, एड बून आणि जॉन टोबायस या दोघांनी केलेला. नाव काही ठरत नव्हतं. बूननं स्वतः सांगितलंय की ऑफिसातल्या बोर्डवर कुणीतरी कॉम्बॅट लिहिलं होतं, त्यातल्या सी वर दुसऱ्या कुणीतरी गंमत म्हणून के काढला, आणि तिथं बसलेला स्टीव्ह रिची, हा पिनबॉलची मशिनं डिझाईन करणारा माणूस, म्हणाला मॉर्टल कॉम्बॅट ठेवा की नाव. झालं. पुढं त्यांनाच त्या के चा इतका नाद लागला की गेमच्या आतला जो शब्द दिसेल त्याचा सी काढून के लावायला लागले, क्रिप्ट के नं, कॉन्क्वेस्ट के नं, २०२३ च्या गेममध्ये तर कॅमिओ पण के नं. हे मात्र मला अती वाटतं. एकदा केलेला जोक दर लग्नात सांगणारा एक मामा असतो ना, तसं.

पण सर, यात फसवणूक कुणाची झाली? के बघून मजा कुणाला येते, तर ज्याला खरं स्पेलिंग सी नं आहे हे माहीत आहे त्याला. ज्याला माहीतच नाही त्याला तो नुसता एक शब्द. १९८४ चा स्कूल डेझ नावाचा एक जुना गेम आहे, त्यात स्कूल हाच शब्द एस के डबल ओ एल असा, आणि गेम कसला तर शाळेतल्या एका उनाड पोरानं स्टाफरूममधल्या तिजोरीतून स्वतःचं प्रगतिपुस्तक पळवायचं. आता असल्या पोरानं स्कूल बरोबर लिहिलं असतं तर उलट खोटं वाटलं असतं. २०२१ चा इन्स्क्रिप्शन बघा, मधल्या आय च्या जागी वाय, त्यामुळं शब्दाच्या पोटात क्रिप्ट दिसतं, क्रिप्ट म्हणजे प्रेतं पुरायचं तळघर, आणि गेम पण तसाच अंधारातला, अंगावर काटा आणणारा पत्त्यांचा डाव. एका अक्षरात दोन अर्थ बसवलेत, याला मी तरी कारागिरी म्हणतो. ड्रायव्हर नावाच्या गेमच्या तिसऱ्या भागात २००४ साली ई काढून तिथं तीनचा आकडा घातला, ते मात्र फॅन्सी नंबरप्लेटसारखं. आरटीओनं दंड केला तरी हरकत नाही.

आणि पॅक-मॅन. जपानात १९८० साली आला तेव्हा नाव होतं पक-मॅन, पी नं सुरू होणारं. अमेरिकेत आणताना बदललं, का, तर मशिनवरच्या पी चं पोट कुणी खरवडलं की त्याचा एफ होतो आणि सरळ शिवी तयार होते. हे वाचल्यावर मला वडीलच आठवले, बोर्ड लिहिताना ते आधी हाच विचार करायचे की यातलं एखादं अक्षर किंवा मात्रा पावसात धुऊन गेली तर काय वाचलं जाईल.

आता माझी खरी अडचण. मागं एक पोरगं गेमिंग झोन काढतोय म्हणून बोर्ड करायला आलं. इंग्रजीत सगळं ठरलं, के मोठा, लाल, रक्त टपकणारा. मी म्हटलं मराठी पण लागणार, २०२२ च्या कायद्यानं मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. तर म्हणतो, मग मराठीत पण तो के दाखवा. आता कसा दाखवणार? सी लिहा नाहीतर के लिहा, आपल्याकडं क तो क. ते म्हणालं कोम्बॅट करू, मी म्हटलं ते चुकीचं वाटेल, के वालं नाही वाटणार. खॉम्बॅट पण लिहून बघितलं, खोकला आल्यासारखं दिसायला लागलं. शेवटी म्हणालं, "काय करलालाव मामा, एक अक्षर जमंना?" नाही जमलं बाबा. साधं कॉम्बॅट छापून दिलं.

त्या रात्री मग विचार करत बसलो. उच्चार तोच ठेवून मराठीत मुद्दाम चूक करायची तर हाताशी आहे काय, ऱ्हस्व-दीर्घ नाहीतर श-ष, बास. आणि त्या चुका तर आपण फुकटच करतो! माझ्याच दुकानातून आशिर्वाद ऱ्हस्व शि नं जातो, हार्दिकचा दि दीर्घ होऊन जातो, गावाच्या नावातलं पूर दीर्घच लिहायचं हा साहित्य महामंडळाचा नियम असून सोलापुर असं पु ऱ्हस्व करून किती बोर्ड गेले असतील मोजले नाहीत. दुरुस्त केलं तर गिऱ्हाईक म्हणतं साहेबांनी व्हॉट्सअपवर पाठवलंय तसंच छापा. मग यात एखाद्यानं गंमत म्हणून चूक केली तरी ओळखणार कोण? तो अमेरिकेतला के उठून दिसतो कारण तिथं बाकीचे सगळे सी लिहितात. आपल्याकडं मुद्दाम चुकायची पण सोय राहिली नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं, त्या गेमचं नाही.

शिवाय आपल्या नियमांत तरी कुठं सगळं दगडावरची रेघ आहे? महामंडळाच्याच नियमांत कवीला वृत्तासाठी ऱ्हस्व-दीर्घाची सूट दिलेलीच आहे. आणि आपल्या गावाचं काय, इंग्रज एस नंतर एच घालून शोलापूर लिहायचे, आपली जुनी मिल कागदावर शोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंगच होती, आणि त्या मिलवरून सुप्रीम कोर्टात गेलेला १९५४ चा खटला वकिलीची पोरं अजून शोलापूर म्हणूनच पाठ करतात. त्यानं कुणी गाव चुकून दुसरीकडं उतरलं नाही.

माझा भाचा नववीत आहे, त्यानं इंग्रजीच्या पेपरात कॉम्बॅट के नं लिहिलं, बाईंनी अर्धा मार्क कापला. बरोबर केलं. पेपर म्हणजे गेमचा डबा नाही, हे कळायला अर्धा मार्क स्वस्त आहे, आता तो कधी विसरणार नाही. सरांना खरंच तक्रार करायची असेल तर वेगळी करा की हा गेम १७ वर्षांवरच्यांसाठी आहे असं रेटिंगमध्ये लिहिलेलं असताना नववीतलं पोरगं तो खेळतं कसं, आणि यात मी पण दोषी, कारण दिवाळीत तो आणून मीच दिला. अमेरिकेच्या संसदेत १९९३ साली या गेमवरून मोठी चर्चा झाली होती ती पण त्यातल्या रक्तावरून, आणि त्यातनंच पुढच्या वर्षी वयाचं रेटिंग देणारी व्यवस्था उभी राहिली.

एक विनंती, पत्र छापलंच तर माझे ऱ्हस्व-दीर्घ तुमच्या प्रूफवाल्यांनी तपासून घ्यावेत, माझा भरवसा नाही. फक्त त्या पोराच्या तोंडचं सोलापुरी "करलालाव" आहे तसं राहू द्या, आणि दोन ठिकाणी आशिर्वाद ऱ्हस्व शि नं आहे ते मुद्दाम आहे.

आपला,
एक फ्लेक्सवाला, सोलापूर