सूचना : कॅम्पर ट्रेलरच्या टाकीत पिण्याचं पाणी भरताना

सभासदांनो, नमस्कार.

शनिवारी निघताना कॅम्पर ट्रेलरची (गाडीमागे जोडून न्यायच्या, मुक्कामाची सोय असलेल्या ट्रेलरची) टाकी शक्यतो घरूनच भरून आणा. इथे ऑस्ट्रेलियात कॅराव्हॅन पार्कमधल्या (असे ट्रेलर लावून मुक्काम करतात त्या जागेतल्या) सगळ्याच नळांना पिण्याचं पाणी नसतं, काहींना बोअरचं असतं. पाटी वाचा, शंका आली तर ऑफिसात विचारा. टॉयलेट कॅसेट (ट्रेलरच्या शौचालयाची मैला साठवणारी, काढता येणारी टाकी) रिकामी करतात तिथल्या नळाचं पाणी मात्र टाकीत अजिबात घेऊ नका. तिथला पाइप लोक थेट कॅसेटमध्ये घालतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. लहान मुलं बरोबर आहेत, म्हणून कळकळीने सांगतोय.

बागेचा पाइप नको. पिण्याच्या पाण्यासाठीचा वेगळा पाइप आणा. नळाचं तोंड पुसून आधी थोडं पाणी बादलीत सोडा (भांड्यांना होईल), मग भरा. नळ हळू सोडा. हवा बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर टाकी फुगून तडकू शकते. आणि 80 लिटर पाणी म्हणजे 80 किलो वजन, ते ट्रेलरच्या वजनमर्यादेत धरा.

टाकी बरेच महिने बंद असेल तर दर लिटरला 1 मिली साधं, बिनवासाचं ब्लीच घालून पाणी भरा, ते ट्रेलरच्या नळांतूनही फिरवा. चार तासांनी सगळं काढून, वास जाईपर्यंत धुवा. हे शुक्रवारी रात्रीपर्यंत उरकून घ्या.