शिदोरीचं फडकं

नागपूर,
२५ नोव्हेंबर

प्रिय विजू,

परवा, २३ तारखेला, झीरो माइलजवळच्या गोवारी शहीद स्मारकावर गेलो होतो. इतकी वर्षं त्या बाजूनं येणं-जाणं आहे, पण त्या दिवशी मुद्दाम कधी थांबलो नव्हतो. लाज वाटली. गावागावांतून माणसं आली होती. चपला काढायची, फुलं वाहायची आणि तिथंच सावलीत बसून राहायची.

तुला १९९४ ची ती संध्याकाळ आठवते ना? आपण नववीत होतो. क्लास सुटला आणि पोलीस बर्डीकडं सायकली जाऊ देईनात. हिवाळी अधिवेशनावर गोवारींचा मोर्चा आला होता. गावाची गुरं राखणारे, दिवाळीत गायगोधनाला ढाल घेऊन नाचणारे हे लोक. आम्हाला आदिवासींच्या सवलती द्या, एवढंच मागत होते. लाठीमार झाला, पळायला वाट नव्हती, आणि चेंगराचेंगरीत ११४ जीव गेले. बाया आणि लेकरंच जास्त. दुसऱ्या दिवशी बाबांच्या स्कूटरवरून जाताना रस्त्याच्या कडेला चपलांचा ढीग दिसला. त्यातली एक माझ्या तळहाताएवढी होती. हे मी तुला तेव्हा सांगितलं नव्हतं.

परवा माझ्या शेजारी एक म्हातारी बसली होती. तिनं पिशवीतून लुगड्याचा विटका तुकडा काढला, मांडीवर पसरला आणि हातानं सुरकुत्या सारख्या करत राहिली. एका कोपऱ्याला अजून गाठीचा पीळ होता. म्हणाली, "माही बहीन आन तिचं लेकरू. शिदोरी याच्यातच बांधली होती. फडकं आलं वापस, ते नाई आले."

मला काही बोलता आलं नाही रे.

नंतरचं तुला ठाऊकच आहे. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं त्यांना आदिवासी मानलं. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल रद्द केला. उड्डाणपुलाला गोवारी शहिदांचं नाव आहे, पण आपण सगळे त्याला बर्डीचा पूलच म्हणतो. मीही तसंच म्हणत आलो.

त्या म्हातारीचं फडकं कुठं जायचं, सांग. तिच्यानंतर घरातलं कुणी ते पोछ्याला घेईल. अमृतसरला जालियनवाला बागेत भिंतीवरच्या गोळ्यांच्या खुणा जपून ठेवल्यात, १९१९ च्या. त्यांच्यासमोर उभं राहिलं की कुणी समजावून सांगावं लागत नाही. आपल्याकडंही स्मारकालगत एक खोली हवी. तिथं ११४ जणांची नावं, प्रत्येकाचं गाव आणि वय असावं, असली फडकी असावीत, मागणीचे अर्ज असावेत. फार मोठी इमारत नको. गोवारी घरांतल्याच पोरापोरींनी ती सांभाळावी.

मी म्हातारीच्या गावचा पत्ता वहीत लिहून घेतलाय. पुढच्या रविवारी जाणार आहे. काकांनी तेव्हाची वर्तमानपत्रं कापून ट्रंकेत ठेवली होती, ती तुमच्या माळ्यावर असतील. वाळवी लागायच्या आत काढ आणि डिसेंबरात येताना घेऊन ये.

तुझा,
दिलीप