रात्री पावणेतीनला स्वारगेटला उतरून जायचं कुठे?

मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

सांगलीहून येणारी आमची एसटी मागच्या महिन्यात रात्री पावणेतीनला स्वारगेटला पोचली. ज्यांना न्यायला कुणी आलं होतं ते पाच मिनिटांत पांगले. बाकी आम्ही रिक्षांच्या गराड्यात. विश्रांतवाडीचे पाचशे. मीटरचं विचारलं तर, "ताई, ह्या वेळेला मीटर?" एक आजी मात्र घासाघीस करायच्या भानगडीतच पडल्या नाहीत. पिशवी उशाला घेऊन बाकावर आडव्या झाल्या. "उजाडलं की जाईन," म्हणाल्या. सांगलीहून पुण्याला यायचं साधन आहे, स्वारगेटहून घरी जायचं नाही.

याच आगारात २५ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे उभ्या बसमध्ये एका तरुणीवर अत्याचार झाला. त्यानंतर आगारांची सुरक्षा तपासायचे आदेश निघाले, ते योग्यच. पण कितीही दिवे लावा, पहारे बसवा. बाहेर पडायला गाडीच नसेल तर बाईमाणूस अंधारात तिथेच ताटकळणार.

मेट्रो रात्रभर चालवा, असं माझं म्हणणं नाही. ती अकरापर्यंत धावते. रुळांच्या, तारांच्या दुरुस्तीला रात्रच लागते. मुंबईची लोकलही रात्री दोन-तीन तास निजतेच. लंडनची भुयारी रेल्वे २०१६ पासून रात्रभर धावू लागली, पण शुक्रवारी-शनिवारीच आणि तीही काही मार्गांवर. एरवी रात्री तिथेही भिस्त बसवर. आपल्यालाही बसच हवी आहे.

आणि पुण्याला रात्र झेपत नाही, हे कुणी सांगू नये. २०२५ च्या विसर्जनाला हीच मेट्रो सलग ४१ तास धावली होती! बाप्पासाठी माणसं, गाड्या, पहारा, सगळं उभं राहतं.

पीएमपीच्या, म्हणजे पुण्याच्या शहर बससेवेच्या, रातराणी बस आहेत, पण मोजक्या मार्गांवर. त्या वाढवा आणि एसटीच्या वेळांशी जुळवून घ्या. स्वारगेटहून हडपसर, विश्रांतवाडी, कोथरूड, निगडी, अशा चार दिशांना अर्ध्या तासाने एक बस सुटली तरी पुष्कळ. एसटी आली नाही तरी ती रिकामी धावणार नाही. हॉटेलात भांडी घासून सुटलेली पोरं, मार्केट यार्डाला निघालेले हमाल, ससूनमध्ये पेशंटजवळ बसून परतणारे नातेवाईक रोज त्याच रस्त्यावर असतात.

पीएमपी दोन महापालिकांची, एसटी महामंडळाची, असं उत्तर येईल. म्हणून तर पत्र आपल्याला लिहिते आहे. दोघांना एका टेबलाशी बसवणं महापालिकेच्या हातात नाही, आपल्या आहे.

कात्रजचा घाट उतरला की कंडक्टरने गाडीत आवाज द्यावा, "हडपसरवाले, तुमची बस सव्वातीनला, फलाटाच्या बाहेरच." एवढीच मागणी आहे.

आपली,
विश्रांतवाडीची एक एसटी प्रवासी